डब्यातली लाल माती

पन्नाशी उलटेपर्यंत मी कधी कुत्र्याला हात लावला नव्हता. आम्ही रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान. आमच्यात कुत्र्याची जीभ किंवा ओलं अंग लागलं की ती जागा सात वेळा धुवायची, आणि त्यातला एक हात मातीचा. सुक्याला सुकं लागलं तर काही नाही. लहानपणी गल्लीत कुत्रं समोरून आलं की आम्ही पोरं पायजमे वर धरून दगडी गडग्याला चिकटून उभी राहायचो. असा मी, आणि एका गुरुवारी संध्याकाळी कुवेतमधल्या रिग्गईच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक उंच, हडकुळी, सोनेरी कुत्री घेऊन शिरलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही.

याला कारण माझी छाती. अम्गऱ्याला जुन्या गाड्यांच्या इंजिनांचं आणि गिअरबॉक्सचं यार्ड आहे, तिथे मी इतकी वर्षं काम करतो. तिथेच एका दुपारी मी खाली बसलो तो उठलोच नाही. हॉस्पिटलात दोन स्टेंट घातले आणि डॉक्टरने सांगितलं, रोज चाला. सांगणाऱ्याचं काय जातं! मी चालायला लागलो की माझे कान छातीकडे. कोपऱ्यावरच्या बकाल्यापर्यंत, म्हणजे वाण्याच्या दुकानापर्यंत जायचो, दही घ्यायचो आणि घाम पुसत परत यायचो. मुलगी नुकतीच कॅनडाला शिकायला गेली होती. घरात दोघंच, आणि दोघंही एकमेकांना ऐकू जाणार नाही असे उसासे टाकत होतो.

यार्डाचा मालक कुवेती आहे. वयाने माझ्याहून बराच मोठा, त्याला आम्ही सगळे हज्जी म्हणतो. वफ्राला त्याचं शेत आहे. ही सलूकी कुत्री तिथलीच. सलूकी म्हणजे वाळवंटात शिकारीला नेतात ती वाऱ्यासारखी पळणारी जात. पण हिचा पाय एकदा मोडला होता, शर्यतीच्या कामाची राहिली नव्हती, आणि हज्जीच्या गुडघ्यांनी त्याला दगा दिला होता. "अखूय," तो त्याच्या अरबी-हिंदीच्या खिचडीत मला म्हणाला, "ही बसून मरेल, तूही बसून मरशील. त्यापेक्षा दोघं चाला." अखूय म्हणजे भाऊ. मालकाने भाऊ म्हटल्यावर नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

"अवो, ह्या काय आनलाव?" बायको म्हणाली.

"हज्जी बोलतो ही कुत्री नाय, सलूकी हाय."

"मग काय मांजार हाय?"

बायको आत गेली आणि दुधाच्या पावडरीचा एक मोठा डबा घेऊन आली. त्यात गावची लाल माती होती. मोगरा लावायला म्हणून ती एका सुट्टीत घेऊन आली होती. मोगरा पहिल्याच उन्हाळ्यात गेला आणि माती उरली. डबा तिने न्हाणीघराच्या दाराशी ठेवला. "हात मातीने धुतल्याबिगर माझ्या भांड्यांना लावायचा नाय," ती म्हणाली. "आनि हा डबा सपला का कुत्री परत. मी दुसरी माती शोधत फिरनार नाय. हिकडं माती हाय कुठं, नुसती धूळ."

म्हणजे कुत्रीचा मुक्काम त्या डब्यावर ठरला. मी मनातल्या मनात हिशेब मांडला की चमचा-चमचा वापरली तर हिवाळा निघेल, आणि उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू.

मग आमचे शुक्रवार सुरू झाले. हज्जीला शिकारीचा नाद आणि त्याच्या सोबत्यांनाही. कुणाचं शेत उत्तरेला अब्दलीला, कुणाची जागा पश्चिमेला साल्मीच्या रस्त्यावर, हज्जीचं स्वतःचं दक्षिणेला. हा देश एवढासा, की सकाळी निघालं की कुठल्याही टोकाला जाऊन जुम्म्याच्या नमाजापर्यंत मशीद गाठता येते. इतकी वर्षं मी रिग्गई ते अम्गरा एवढाच कुवेत पाहिला होता. पावसानंतर वाळवंटावर हिरवी साय धरते आणि झुडपांना पिवळी फुलं येतात, हे मला या कुत्रीने दाखवलं. रानातल्या, दूरदेशाहून येणाऱ्या पाहुण्या पाखरांना हात लावायचा नाही, हा सरकारचा कायदा आणि हज्जीचाही. हे लोक लावे आणि लाल चोचीचे तित्तिर पिंजऱ्यात वाढवतात आणि शेतामागच्या मोकळ्या जमिनीवर सोडतात. मग कुत्र्यांनी शोधायचे.

माझं काम सोपं होतं. पट्टा धरून चालायचं, तिचे कान ताठ झाले की थांबायचं, "बिस्मिल्ला" म्हणून पट्टा सोडायचा. अल्लाचं नाव घेऊन सोडलेल्या, शिकवलेल्या कुत्र्याने धरलेलं पाखरू आपल्याला खाता येतं. पण एक अट आहे. कुत्र्याने त्यातलं स्वतः खाता कामा नये.

पहिल्याच शुक्रवारी तिने लावा धरला आणि माझ्या डोळ्यांदेखत अर्धा फस्त केला. मी धावत गेलो. हो, धावत! ती माझ्याकडे बघत, पिसं थुंकत उभी. हज्जी गाडीच्या टपाला टेकून हसत होता. "तो तिने स्वतःसाठी धरला," तो म्हणाला. "खाल्ला की समजायचं स्वतःसाठी. न खाता आणून दिला, की ज्याला दिला त्याच्यासाठी धरला. अजून तिने तुला आपला मानलेला नाही."

मला ते लागलं. इतका खर्च होऊन, बायकोची बोलणी खाऊन, वर हे! पण मी चिकाटी सोडली नाही. हज्जीने शिकवल्याप्रमाणे खिशात उकडलेल्या कोंबडीचे तुकडे ठेवायचो. तिने पाखरू तोंडात धरलं की हात पुढे करायचा, "दे" म्हणायचं, मग "सोड" म्हणायचं, आणि सोडलं की तुकडा. अरबी तिला कळत होतं, पण मला ते हुकमाचं अरबी जमेना, म्हणून ती मराठी शिकली. आठवड्यामागून आठवडे दे, सोड, दे, सोड. कधी द्यायची, कधी पाठ फिरवून गट्टम करायची. आणि या सगळ्यात एका सकाळी साल्मीच्या बाजूला माझ्या लक्षात आलं की गाडी कुठच्या कुठे मागे राहिली आहे, आणि मी सकाळपासून छातीकडे कान दिलेला नाही. मी तिथेच उभा राहून अल्लाचे आभार मानले. कुत्री माझ्याकडे, हा का थांबला, अशा नजरेने बघत होती.

ज्या दिवशी तिने पहिला अख्खा लावा माझ्या हातात दिला, त्या दिवशी मी तो मिरवत घरी आणला. बायकोने तो पाटावर ठेवला, डबा उघडला, आणि दात लागले होते तिथे मूठभर माती चोळली. मग पाणी, पुन्हा पाणी, पुन्हा पाणी. रस्सा झकास झाला, पण मी घासागणिक माती मोजत होतो. त्या एका पाखरात किती दिवसांची माती गेली! त्यानंतर तिने धरलेलं प्रत्येक पाखरू मी हज्जीला देऊन यायला लागलो. बायकोने विचारलं तर म्हणायचो, आज काही मिळालं नाही.

तरीही माती कमी होत होती.

मला कळेना. मी तिला शक्यतो सुक्या हाताने हाताळायचो, चाटायला आली की कोपर पुढे करायचो, आणि माती घेतली तरी चिमूटभर. तरी दर आठवड्याला डब्यातली लाल रेघ खाली खाली चाललेली. घरात दुसरं कोण होतं? मी ओळखलं. बायको माती फेकते आहे. कुत्री लवकर जावी म्हणून ती रोज थोडी मोरीत सोडत असणार. मी तिला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिने डबा पालथा करून दाखवला असता. मी नुसता फुगून बसलो. जेवताना मीठ मागायचं तरी भिंतीकडे बघून मागायचो. फोनवर मुलीने विचारलं, "अब्बा, आर यू टू फायटिंग?" मी म्हटलं, नाही ग, हवा बदलली आहे.

मार्च उजाडला. ऊन चढायला लागलं आणि हज्जीने निरोप दिला की या शुक्रवारी वफ्राला यंदाची शेवटची फेरी. गुरुवारी संध्याकाळी मी डबा उघडला तर तळाचा पत्रा दिसत होता.

"उद्या मी येतंय तुमच्यासंगती," बायको म्हणाली. इतक्या महिन्यांत ती एकदाही आली नव्हती. सकाळी बघतो तर तिने कुत्रीचं पाण्याचं भांडं आणि बाल्कनीतली तिची गोधडी पिशवीत भरून दाराशी ठेवलेली. मी काय समजायचं ते समजलो. तिची म्हणे शब्द पाळायची सवय मोठी. मी गाडी वफ्राच्या रस्त्याला घातली. मला राग होता, पण त्याहून जास्त भीती होती. उद्यापासून मी पुन्हा बकाल्यापर्यंत दही आणायला जाणार आणि छातीचे ठोके ऐकत परत येणार, एवढंच मला दिसत होतं.

शेतावर हज्जीने बायकोसाठी झाडाच्या सावलीत खुर्ची टाकली, गहवा म्हणजे अरबी कॉफी दिली. मी कुत्रीला घेऊन पुढे गेलो. मुद्दाम हळू चाललो, लांबवता येईल तेवढं लांबवलं. शेवटी तिचे कान ताठ झाले. मी बिस्मिल्ला म्हणून पट्टा सोडला. लावा भुर्रकन उठला, ती त्याच्या मागे उसळली आणि उडत्याला खाली आणलं. मग वळून तोंडात पाखरू धरून माझ्याकडे यायला लागली. मी हात पुढे केला.

ती माझ्या बाजूने निघून गेली.

थेट झाडाखाली, खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. मी वळून बघतो तर बायकोने गहव्याचा पेला खाली ठेवलेला आणि हात पुढे केलेला. "दे," ती म्हणाली. "सोड. शाब्बास गो माझी बाय." कुत्रीने तोंड उघडलं. लावा जिवंत होता, पिसं विस्कटलेला, तिच्या दोन्ही तळव्यांत बसलेला. आणि कुत्री तिची मनगटं, बोटं, कोपरापर्यंतचा हात चाटत होती. मन लावून, रोजच्या सवयीने. बायकोने हात मागे घेतला नाही.

"बघ," हज्जी मला म्हणाला, "कोणासाठी धरलं ते." मग त्याने लावा बायकोच्या हातातून घेतला आणि पुन्हा पिंजऱ्यात सोडला.

मी तिथेच वाळूत बसलो. माती मोरीत गेली नव्हती. ती बायकोच्या हातावर गेली होती.

"तुमी सकाळी अम्गऱ्याला जाताव," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली. "ती दिवसभर कुनाकडं असते? जेवायला दिलं का हात चाटते. मग काय करू, हानू तिला?" मग कुत्रीच्या कानामागे खाजवत म्हणाली, "पोरगी गेल्यापासून घर खायाला उठायचा मना. आता नाय उठत."

इतके महिने मी माझ्याच छातीवर कान ठेवून बसलो होतो, आणि भिंतीपलीकडे आणखी एक माणूस एकटं पडलं आहे हे मला ऐकूच आलं नव्हतं. मला तिचा हात धरावासा वाटला, पण तो ओला होता. मग म्हटलं, होऊ दे, आणि धरला.

परतीच्या वाटेवर, शेतं मागे पडल्यावर, तिने गाडी थांबवायला लावली. रस्त्यापासून थोडं आत पावसाचं पाणी साचून आटलं होतं आणि तिथे तपकिरी चिकण माती वाळून तिच्या खपल्या झाल्या होत्या. ती जागा येतानाच बायकोने हेरून ठेवली होती. डिकीतून तिने बासमतीची एक रिकामी गोणी आणि कालथा काढला. सकाळच्या त्या पिशवीतून भांडं काढून त्यात पाणी ओतलं, सावलीला गोधडी टाकली, आणि कुत्रीला तिच्यावर बसवलं.

"मना वाटला ही पिशवी तिला परत द्यायला," मी म्हणालो.

"परत? आनि एवढ्या उन्हात तिला पानी कशात देनार होताव, टोपीत?"

मी खपल्या उचलून गोणीत टाकायला लागलो. वाकत होतो, उठत होतो, छाती गप्प होती. आज हे लिहिताना बाल्कनीत ती गोणी आहे, तिला टेकून कुत्री झोपली आहे, आणि मी त्या मातीचा, हज्जीचा आणि या दोघींचा ऋणी आहे. पण तेव्हा एवढं सुचलं नाही. अर्धी गोणी भरल्यावर मी थांबलो आणि म्हणालो, "एवढी लय झाली. वरीस जाईल."

बायकोने गोणीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.

"ती अजून जवान हाय," ती म्हणाली. "भरा."