आजी म्हणत नसलेलं कडवं

घोलवडच्या चिकूवाडीत जागृतीची शाळा रोज सकाळी देवघरासमोर भरायची. विद्यार्थिनी एकच, तिची आठ वर्षांची शितल. शाळेत वाचायला उभी केली की शितलची दातखीळ बसायची, मुलं हसायची, आणि घरी आल्यावर ती जेवायची नाही. म्हणून गेल्या जूनपासून जागृतीने तिला घरीच शिकवायला घेतलं. नवरा जतीन नाखुशीनेच तयार झाला होता. एक वर्ष बघू, नाही जमलं तर मुलगी वसतिगृहाच्या शाळेत जाईल, असं त्याने तेव्हाच बजावलं होतं.

मसोलीला दिलेली नणंद आली की हसत हसत म्हणायची, "घरची शाळा, घरचीच बाई, निकालही घरचाच." जागृती तिला चहा द्यायची, पण ते बोलणं तिला दिवसभर आठवत राहायचं.

पाठ्यपुस्तक उघडलं की शितल गप्प व्हायची. तेव्हा जागृतीने देवघरातलं आरत्यांचं पुस्तक तिच्या हातात दिलं. महालक्ष्मी आईची आरती सासूबाई रोज म्हणायच्या, ती अक्षरं तरी पोरीला परकी वाटणार नाहीत, असं तिच्या मनाने घेतलं. आणि खरंच, थोड्याच दिवसांत शितल ओळीवर बोट ठेवून खडाखडा वाचू लागली. जागृतीने देवीपुढे नारळ वाढवला.

मे महिन्यात जतीनने सांगून टाकलं की रविवारी तो स्वतः वाचन ऐकणार. आदल्या दिवशी जागृती सराव घ्यायला बसली. शितल वाचत असताना पंख्याच्या वाऱ्याने पान उलटलं. तरी ती थांबली नाही. बोट गणपतीच्या आरतीवरून फिरत होतं आणि तोंडात देवीचीच आरती चालू होती.

जागृतीने पंखा बंद केला. म्हणजे पोरीला आजीचं ऐकून सगळं पाठ होतं. इतके महिने आपण काय शिकवलं? देवीच्या नावावर स्वतःचीच समजूत घालत होतो का?

सासूबाई रंभा म्हणाल्या, "जतीनपुढे आरतीच म्हणू दे तिला. देवाचंच नाव आहे, त्यात कसली फसवणूक?"

मोह मोठा होता. जागृती दिवसभर त्यावर विचार करत राहिली, भातही करपला. पण संध्याकाळी दिवा लावताना तिला देवीकडे वर बघवेना, तेव्हाच तिचं ठरलं.

रविवारी जतीन चिकूच्या करंड्या ट्रकवर चढवून आला, हाताचा चीक घासत ओट्यावर बसला. जागृतीने वर न बघताच सांगितलं, "आरती तिला पाठ आहे हो. मला वाटलं, वाचतेय."

"मग वर्षभर केलं काय?"

दाराआडून शितलने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि तेच पुस्तक घेऊन आली. या खेपेला तिचं बोट हळूहळू, एकेका अक्षराखाली सरकू लागलं. दोन कडवी झाली आणि ती थांबली. जागृतीने डोळे मिटले. आई, निकाल काय लागायचा तो लागू दे, पण पोर घाबरू नये, एवढंच तिने मागितलं.

"आजी," शितल म्हणाली, "हे कडवं तू म्हणतच नाहीस."

रंभाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. असं कुठलं कडवं, त्यांना काही आठवेना. जागृतीनेही आजवर सासूचं ऐकूनच आरती म्हटली होती, पुस्तकात बघून नाही; शितलचा सरावही रोज दोन कडव्यांवरच थांबायचा. शितल अडखळत वाचू लागली. समुद्रावर गेलेल्यांना सुखरूप घरी आण, असं मागणं त्यात होतं. एका जोडाक्षरापाशी ती अडली, ती अडलीच.

जतीनने वाकून पाहिलं, ते अक्षर फोडून सांगितलं. मग चीक घासत म्हणाला, "दिवाळीपर्यंत राहू दे घरी. तेव्हा दुसरं पुस्तक ऐकेन."

दुसरं पुस्तक. जागृतीला ते मिटून ठेवलेलं पाठ्यपुस्तक आठवलं.

त्या संध्याकाळी आरतीला रंभाबाई दोन कडवी म्हणून थांबल्या. पुढचं फक्त शितलने वाचलं होतं. तिने पुस्तक दिव्याजवळ धरलं आणि सगळे हात जोडून तिच्यासाठी थांबले.