आत शिरायची वाट

बोलता बोलता मॅडम बोटानं हवेतच दार वाजवायच्या. “प्रश्न एकच,” म्हणायच्या, “आत शिरायचं कसं?”

आपल्यात बसून भलतीकडेच असलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जूचंद्रला आमच्या घरासमोरच्या नव्या इमारतीत त्या एकट्या राहायच्या. हिवतापाच्या जंतूंवर संशोधन करून निवृत्त झालेल्या. आमच्या ओटीवर बसून खाडीवरचं धुकं बघत राहायच्या. “मॅडम, चहा,” म्हटलं की दचकून म्हणायच्या, “हो, आलेच.” जणू एखाद्या पेशीतूनच परत यायच्या.

एकदा त्यांनी आपण प्रयोगशाळेत बनवलेल्या औषधाची गोष्ट सांगितली. जंतू फोडून त्याच्या रसात टाकलं, की ते अचूक काम करायचं. जिवंत जंतूवर मात्र काहीच नाही.

“त्याच्या पडद्यातून आतच जाईना.”

“मग?”

“मग काय, राहिलं बाहेर.” आणि हसल्या. पण ते हसू फार टिकलं नाही.

त्या पावसाळ्यात माझ्या आईला हिवताप झाला. डॉक्टरांनी दिलेली गोळी उलटून पडली. दुसरी गोळीही उलटली तर इस्पितळात न्या, असं त्यांनी बजावलं. आई तोंडच उघडेना.

“पोटात ऱ्हात नाय गो. पानी पन नको.”

मॅडम तिच्या उशाशी बसल्या. हळू आवाजात, अंगाई म्हणावी तसं सांगू लागल्या, “आजी, हा जंतू रक्ताच्या पेशीत लपतो. बाहेर पेशीचा पडदा, आत त्याचे स्वतःचे. तुमची गोळी त्या सगळ्यांतून झिरपत जाते, थेट त्याच्या पोटापर्यंत. तिथं आंबट असतं. तिथं पोचली की तिला बाहेर पडता येत नाही. तिथंच साचते, आणि तो मरतो.”

“त्याच्या पोटात?”

“हो. जेवतो तिथंच.”

आई डोळे मिटून पडून राहिली. मग म्हणाली, “मंग दे. मना पन जेवाचा हाय.”

या वेळी गोळी पोटात राहिली. उलटी होते का बघत मॅडम संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. पुढं ताप उतरला, आईनं पेज मागितली, तेव्हा त्या दारात उभ्या राहून तिचं खाणं बघत होत्या.

“इतकी वर्षं काम केलं,” मला म्हणाल्या, “पण ताप उतरलेलं माणूस असं समोर कधी बघितलं नव्हतं.”

गेल्या हिवाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. आई काठी टेकत समोरच्या इमारतीत गेली. त्यांच्या कपाळावर तिनं हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला, ताप बघावा तसा.