वाट्या पोचवणारी नात

आमच्या इमारतीत वाटी रिकामी परत करायची पद्धत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी अळूचं फदफदं पाठवलं की त्यांची वाटी घासूनपुसून आमच्या ओट्यावर पाहुणी म्हणून राहते. आमच्याकडे पाठवण्यासारखं काही शिजलं की ती भरून परत जाते. काहीच नसेल तर निदान चमचाभर साखर तरी घालायची. मग आमची एखादी वाटी तिकडे अडकते, आणि असं चालूच राहतं. नवीन पनवेलच्या या सेक्टरात आलो तेव्हापासून हे देणंघेणं कधी संपलेलं नाही, आणि ते संपावं असं कुणाला वाटतही नाही.

ही सगळी ने-आण करते माझी नात. वय वर्षं नऊ. लिफ्ट आहे, पण ती जिन्यानेच जाते, कारण लिफ्ट मधेच अडकली तर आमटी गार होईल, असं तिचं म्हणणं. काठोकाठ भरलेली वाटी दोन्ही हातांत धरून, जिभेचं टोक बाहेर काढून ती पायऱ्या उतरते तेव्हा मी दारात उभा राहून बघतो. माझ्या हातातला चहा स्वयंपाकघरातून गॅलरीत जाईपर्यंत बशीत उतरलेला असतो. तिच्या हातून थेंब सांडलेला मी पाहिलेला नाही. एवढ्याशा जिवात एवढा सांभाळ कुठून येतो याचं मला तेव्हाही नवल वाटायचं. पण ते नवल अगदीच तोकडं होतं.

नात जाड आहे. हे साधं वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. अंगाने बरी आहे, हाड मोठं आहे, आमच्याकडची ठेवणच तशी आहे, असं काहीबाही आम्ही म्हणायचो. शाळेतल्या पोरांना एवढा वेळ नव्हता. ती सरळ हिला टेम्पो म्हणायची.

शाळेतल्या तपासणीनंतर आम्ही तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. आम्ही म्हणजे मुलगा, सून आणि मी, अशी वरातच. डॉक्टरबाई शांत होत्या. वजन असंच वाढत राहिलं तर गुडघे, साखर, सगळंच लवकर मागे लागेल, पण उपाशी मात्र ठेवायचं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि विचारलं, "घरात हिच्या खाण्याचं कोण बघतं?"

मुलाने सुनेकडे पाहिलं. सुनेने माझ्याकडे पाहिलं, कारण ती दोघं सकाळी मुंबईला नोकरीला जातात ती दिवेलागणीलाच उगवतात आणि शाळेनंतर पोर माझ्याच ताब्यात असते. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहिलं. तेवढ्यात नात म्हणाली, "मी बघते." डॉक्टरबाई हसल्या, म्हणून आम्हीही हसलो. तिला काय म्हणायचं होतं हे कुणी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेलो. पाऊस नुकताच संपला होता, हवा स्वच्छ होती आणि दूर कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. तिने बोट दाखवलं.

"हिवाळ्यात शाळेची सहल तिथे जाणारे. मी नाही सांगितलंय."

"का गं?"

"मागच्या वर्षी मी अर्ध्यातच बसले ना. मग एक बाई माझ्यासोबत खाली थांबल्या. त्यांना वर जायचं होतं, आजोबा. त्या सारख्या वर बघत होत्या."

"मग यंदा जायचं नाही?"

"जायचंय. सुळक्यापर्यंत जायचंय. पण माझ्यासाठी कुणी थांबायला नको."

मी तिला म्हटलं, "तू नाव दे. बाकीचं मी बघतो." मी बघतो म्हणायला काय जातं!

सुनेने दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात झाडाझडती घेतली. बिस्किटं, फरसाण, जॅम सगळं हद्दपार झालं. दुधी, पालेभाज्या आणि ज्वारीची भाकरी यांचं राज्य आलं. इथवर ठीक होतं. पण सून सरळ स्वभावाची, तिने इमारतीतल्या बायकांना विश्वासात घेऊन सांगून टाकलं की आमच्या हिचं खाणं कमी केलंय, डॉक्टरांनीच सांगितलंय. ही चूक फक्त आमच्यासारखी माणसंच करू शकतात. आमच्या इमारतीत पोराचं खाणं कमी केलंय असं सांगणं म्हणजे घरात पोर उपाशी आहे अशी दवंडी पिटणं. ते तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही.

मीही माझ्या परीने झटत होतो. रोज संध्याकाळी तिला रिक्षाने वडाळे तळ्यावर न्यायचो आणि तिथे चालवायचो. चालायला रिक्षाने जाता का, असं विचारून सून हसली, तिकडे मी दुर्लक्ष केलं. चालून झालं की भेळ. भेळेला मी खाण्यात धरत नाही, कुरमुऱ्यांत असतं काय? शिवाय एकट्याने भेळ खाण्यात मजा नसते, म्हणून अर्धी तिची.

वजन मात्र उतरायचं सोडून वाढलं. सुनेचा चेहरा उतरला, तेवढंच. एका रात्री जेवताना तिने फार जपून विचारलं, "बाबा, दुपारी तुम्ही तिला काही देता का?" मुलगा ताटात बघत राहिला, म्हणजे तो तिच्याच बाजूचा. माझा राग नाकावरच असतो. मी अर्ध्या ताटावरून उठलो आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. माझ्यावर आळ! पोरीला कोण चारतंय ते शोधून काढायचंच, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नात जेवून तृप्त झाली. मग मुगाच्या उसळीची वाटी घेऊन ती तळमजल्यावर निघाली. मी चपला हातात घेऊन मागोमाग उतरलो.

तळमजल्यावर नेऱ्याच्या आजी राहतात. पनवेलजवळच्या नेरे गावी, डोंगराखाली त्यांची शेती होती, त्यातल्या बऱ्याच जागेवर आता फार्महाऊस आहेत. मुलं बांधकामाच्या धंद्यात चांगली वर आली आणि आजींना इथे घेऊन आली. आजी दिवसभर दार उघडं टाकून उंबऱ्याशी बसतात. मी जिन्याच्या वळणावर थबकलो.

"आलीस गो बाय? बस. ही भाकर खा, चटनी हाय, गूल हाय. घरान तुला उपाशी ठेवतान, मना ठाव हाय. पन तुझ्या आयशीला सांगू नको."

नातीने खाली बसून ती तांदळाची भाकरी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. मग आजींनी दिलेली भरली वाटी घेऊन ती वर निघाली. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, पण वाटीवरची नजर तिने ढळू दिली नाही, त्यामुळे मी तिला दिसलोच नाही. आमचा दुसरा मजला ओलांडून ती तिसऱ्यावर गेली, मागोमाग मीही.

"ये गं सोन्या," काकूंचा आवाज आला. "शंकरपाळे केलेत. आमच्या दादाला फार आवडायचे. घे अजून, लाजू नकोस. आईला काही बोलायचं नाही हं, आपल्या दोघींतच."

म्हणजे दोन्ही घरांत तेच चाललं होतं. आपण एकटीच पोरीला जगवतोय असं दोघींनाही मनापासून वाटत होतं. दोघींनी तिला गुपित सांभाळायला सांगितलं होतं आणि पोरीने दोघींचंही सांभाळलं होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. माझ्यावरचा आळ गेला होता.

ती खाली येताना मी तिला पायऱ्यांवर गाठलं. हनुवटीला शंकरपाळ्याचा चुरा लागला होता. मी आवाज चढवायच्या तयारीतच होतो. "आत्ता जेवलीस ना? पोट भरलं होतं ना? मग का खाल्लंस?"

तिने आधी हातातली वाटी नीट पायरीवर ठेवली. मग म्हणाली, "आजींकडे भाकरी कुणी खात नाही. सगळे फोनवरून मागवतात. मी नाही खाल्ली तर त्या झाकून ठेवतात आणि सकाळी स्वतः शिळी खातात."

"आणि काकूंकडे?"

"त्यांचा दादा अमेरिकेत आहे ना. मी खाल्लं की त्या त्याला फोनवर सांगतात, आज डबा संपला रे. तेव्हा त्या छान बोलतात."

"मग घरी एवढं कशाला जेवतेस?"

"आई दमून येऊन करते. मी टाकलं तर ती ओरडत नाही, नुसती बसून राहते." ती थांबली. मग जरा चाचरत म्हणाली, "आणि तुम्हाला एकट्याला भेळ खायला आवडत नाही."

मी पायरीवर बसलो. ओरडण्यासाठी छातीत भरून घेतलेली हवा कुठे गेली कळलं नाही. मी तिला विचारलं, "तुला भूक लागते तेव्हा कसं वाटतं गं?"

तिने खरोखर विचार केला. "आठवत नाही," ती म्हणाली.

एवढं आयुष्य गेलं, पुष्कळ मोठी म्हणवणारी माणसं पाहिली, पण त्या जिन्यावर मला जे वाटलं ते कधी कुणासमोर वाटलं नव्हतं. माझ्यापुढे नऊ वर्षांचं पोर उभं होतं, अंगावर शाळेचा गणवेश, वेणी सुटलेली, आणि ते पोर आम्हा सगळ्या मोठ्या माणसांची मनं त्या वाटीसारखी दोन्ही हातांत धरून वरखाली करत होतं. थेंबही न सांडता. पोरीच्या खाण्याला जबाबदार कोण, यावरून आम्ही एकमेकांकडे बोटं दाखवत होतो, आणि आमची सगळ्यांची जबाबदारी तिने कधीच घेऊन टाकली होती. डॉक्टरबाईंसमोर ती खरं तेच बोलली होती. मला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण मी तिच्या हनुवटीवरचा चुरा पुसला आणि तिला घरी घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवसापासून वाट्या मी पोचवायला लागलो. आधी नेऱ्याच्या आजींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या भडकल्या.

"पोरीनं मना आदी का नाय सांगितला? आमी काय दुश्मन हाव?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," मी म्हटलं.

आजी पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "येवढीशी पोर आनि आमाला वाईट वाटल म्हनून खाते." काकूंनी सगळं उभ्या उभ्याच ऐकलं आणि शंकरपाळ्यांचा डबा वरच्या फळीवर सरकवला. घरी मुलगा आणि सून दोघांना मी सांगितलं तेव्हा सून नुसती बसून राहिली, नात म्हणाली होती अगदी तशीच. पण त्या रात्री पोरीचं पान वाढण्याआधी तिने विचारलं, "भूक आहे का गं तुला?" नात आईकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "थोडी."

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. काकूंचा हात अधूनमधून वरच्या फळीकडे जायचाच. पण आजींना एक युक्ती सुचली. सुट्टीच्या दिवशी त्या नातीला आपल्या मुलाच्या गाडीतून नेऱ्याला न्यायला लागल्या आणि उरलेल्या शेताच्या बांधांवरून, मागच्या टेकाडापर्यंत हिंडवायला लागल्या. आजींची चाल अशी की मी एकदाच गेलो आणि पुन्हा गेलो नाही. तळ्यावर आम्ही आता घरापासून चालत जातो. भेळ मी सोडली. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा त्याग, पण घरात कुणी त्याची दखल घेतलेली नाही.

सहलीच्या दिवशी पहाटेच दोन डबे दारात आले. मी डोळे वटारले तेव्हा आजी म्हणाल्या, "ह्यो तिच्यासाठी नाय, वर्गातल्या पोरांसाठी हाय." काकूंचंही तेच म्हणणं होतं. नातीने दोन्ही डबे पाठीवरच्या पिशवीत घातले. त्या ओझ्याने तिला चढताना दम लागेल, या काळजीने दिवसभर मला काही सुचलं नाही. संध्याकाळी बस यायच्या कितीतरी आधीच मी कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो.

ती उतरली तेव्हा गुडघ्यांना माती होती आणि चेहरा लाल झाला होता. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "सुळक्यापर्यंत गेले. मधे मधे थांबले मी. पण माझ्यासाठी कुणाला थांबावं नाही लागलं." मी पिशवी मागितली, ती तिने दिली नाही.

हातपाय न धुताच ती तळमजल्यावरच्या उघड्या दाराशी गेली आणि डबा आजींच्या पुढे धरला. आजींनी तो हलवला, आत काहीतरी खडखडलं. उघडला तर एक काळा खडा निघाला.

"ह्यो काय गो?"

"सुळक्याखालचा आहे. रिकामा डबा कसा परत द्यायचा?"

"आनि ह्याचा काय करायचा?"

"काही नाही, आजी. हा नुसता ठेवायचा."

आजींनी खडा उलटसुलट करून पाहिला. मग सवयीने त्यांची मान आत स्वयंपाकघराकडे वळली. पण आजी उठल्या नाहीत. "दमली असशील, बस," एवढंच त्या म्हणाल्या. नात त्यांच्याजवळ उंबऱ्याशी बसली आणि सवयीने हात पुढे केला. आजींनी त्या हातावर काही ठेवलं नाही. तो हात आपल्या हातात घेऊन त्या तशाच बसून राहिल्या.