टॉन्सिलमधलं मूत्रपिंड

नव्वदच्या दशकात मी पनवेलहून मुंबईच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला जात असे. मूत्रपिंडात आढळणाऱ्या एका प्रथिनावर आमचं काम चाले. ते जिथे असेल तिथे पेशी तपकिरी दिसाव्यात, अशी रसायनांची तजवीज होती. मूत्रपिंडाच्या स्लाइडसोबत तुलनेला टॉन्सिलची एक स्लाइड ठेवायची. टॉन्सिल म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या यंत्रणेची घशातली चौकी. तिथे या प्रथिनाचं काय काम? ती स्लाइड कोरी राहिली की प्रयोग ठीक झाला, एवढाच तिचा उपयोग.

ती कोरी राहीना.

"नीट धुतली नसशील," साहेब म्हणाले. पुन्हा धुतली. मग पनवेलच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून नुकतीच काढलेली टॉन्सिल्स थर्मासात बर्फावर ठेवून एसटीने नेऊ लागलो. तीही तपकिरी. रोगजंतूंशी लढणाऱ्या त्याच यंत्रणेतल्या प्लीहेचा तुकडा मिळाला, तोही तपकिरी. तेव्हा कुठे 'तुझी चूक' बदलून 'आपला शोध' झाला.

घरी थोरली बहीण होती, शाळेत विज्ञान शिकवणारी. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिससाठी मुंबईच्या खेपा चालू होत्या. थर्मास दिसला की विचारायची, "चहा आहे, की कुणाचा घसा?"

बातमी गावात पोचली आणि एका मंडळाने माझा सत्कार ठरवला. प्रमुख पाहुण्यांना प्रथिन डाळीत असतं, एवढं ठाऊक असावं. त्यांनी जाहीर केलं, "पनवेलच्या या सुपुत्राने मूत्रपिंडाचे विकार इतिहासजमा केले आहेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत ताईही टाळ्या वाजवत होती. हातातल्या नारळाचं काय करावं, मला कळेना.

परतताना रिक्षात तिने विचारलं, "मग, माझ्या उपयोगाचं काही?"

"नाही गं ताई. ते तिथे आहे, एवढंच कळलंय. का आहे, तेही अजून माहीत नाही."

"ठाऊक आहे रे मला. पोरांना काय भजनं शिकवते मी?" थोड्या वेळाने म्हणाली, "पण तो बोलत होता ना, तेवढा वेळ बरं वाटलं. मध्येच थांबवलं नाहीस, ते छान केलंस."

वर्षभरात ती गेली. ते प्रथिन तिथे का असतं, याचं थोडंफार उत्तर पुढे इतरांनी शोधलं. ते वाचलं तेव्हा सांगायला घरात कुणी नव्हतं.

भाषणांचा मला आजही कंटाळा आहे. ते एक मात्र पुन्हा ऐकायला मिळावं, मंचावरून नव्हे, खाली तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून. आणि पाहुण्यांनी अजिबात आवरतं घेऊ नये.