हात न धरणारे मास्तर

मास्तरांवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही मनात काळी टोपी, छडी आणि नाकावर घसरलेला चष्मा मांडून ठेवला असेल. आवरा ते सगळं. धोंडिबा मास्तर पटका बांधायचे, छडी त्यांनी कधी हातात घेतली नाही, आणि त्यांचे विद्यार्थी म्हणजे आम्ही मास्तरच. शेवटी ते वारले असणार, असंही तुम्ही धरून चालला असाल. तेवढं मात्र बरोबर आहे.

पिंपरीला तेव्हा कारखाना उभा राहत होता. गावोगावचे गडी कामाला आलेले, सही म्हणजे अंगठा. त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग निघाले आणि शिकवायला आमच्यासारखी मॅट्रिक झालेली पोरं पकडली. मोठ्या माणसांना शिकवायचं कसं, हे आम्हाला शिकवायला चिंचवडच्या शाळेत शिबिर भरायचं. ते घ्यायचे धोंडिबा मास्तर. मूळचे मारुंजीचे, बोलणं शेवटपर्यंत तिथलंच.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला जमिनीवर बसवलं, पाट्या वाटल्या आणि म्हणाले, "उजवा हात पाठीमागं! त्यो शिकल्याला हाय, त्याला सुट्टी. डाव्यानं ल्ह्या."

माझ्या पाटीपाशी येऊन थांबले. "सदा, ह्यो क हाय का बैलगाडीखाली आल्याला खेकडा?"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. "हसलं की कसं वाटतं रं? उद्या तुमच्या म्होरं बापाच्या वयाचा माणूस असाच क काढील. तवा हसू नगा."

मला नकलांची खोड. दुपारी डबे खाताना मी त्यांचा आवाज काढला, तेही पटक्यासकट, म्हणजे डोक्याला पंचा गुंडाळून. समोरची पोरं एकदम गप्प झाली तेव्हा कळलं, मास्तर मागे उभे आहेत. म्हणाले, "आवाज बरा हाय. पन बोलताना मी थुकतो जास्त. त्ये राहिलं."

एकदाच चिडलेले पाहिले. सरावाला खरे गडी आणले होते. एका गवंड्याला ग काही केल्या जमेना. हात थापीला सरावलेला, पेन्सिल मोडायचा. मी आपला त्याचा हात धरला आणि गिरवून दिला. मास्तरांनी माझी कॉलर धरून उठवलं.

"ल्योक हाय का त्यो तुझा? हात धरलास की अक्षार तुझं झालं. घरी जाऊन बायकोला काय दावील त्यो? सदाचा ग? वाकडं काढू दे, अर्धं काढू दे. त्याचं हाय त्ये."

पुढच्या वर्षी मास्तरांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, जीभ जड. मी भेटायला गेलो तर डाव्या हातानं कोनाड्यातली पाटी दाखवली. "शिकव," म्हणाले. नव्या शिबिराला फळ्यावर डाव्या हातानं आपलं नाव लिहायचं, हे त्यांनी मनात घेतलं होतं. नव्या पोरांना दाखवायचं होतं, की म्हातारा माणूस शिकतो. काकी, म्हणजे त्यांची बायको, नको नको म्हणत होती. डॉक्टरनं उठूच नका म्हणून सांगितलं होतं.

मी रोज जायचो. धों यायचा, डि यायचा, बा पाशी हात थकायचा. एकदा पेन्सिल भिरकावून लहान मुलासारखे रडले. मग शिबिरात ते आम्हाला म्हणायचे तेच मी त्यांच्याच आवाजात म्हणालो, "घाई न्हाई राव! पाटी कुटं पळून जात न्हाई!" या वेळी थुंकीसकट. अर्ध्या तोंडानं हसले. लाळ गळली, ती काकीनं पुसली.

शिबिराच्या दिवशी त्यांना बैलगाडीतून आणलं. दोघांनी धरून फळ्यासमोर उभं केलं. लिहिलं त्यांनी, धों. मग बऱ्याच वेळानं डि. मग खडू पडला. मी उचलून त्यांच्या हातात दिला आणि माझे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

दारातून काकी ओरडली, "सदा, आरं धर की हात!"

शिबिराला आलेली नवी पोरं माझ्याकडे बघायला लागली. धोंडिबा मास्तरही बघत होते. धर म्हणत नव्हते, नको म्हणत नव्हते, नुसते बघत होते. मी त्यांच्या आवाजात म्हणालो, "घाई न्हाई राव." कोणी हसलं नाही. मास्तरही नाही. खडू फळ्याला टेकवून ते तसेच थरथरत उभे राहिले, आणि मग खाली बसले.

परतताना गाडीत त्यांचा डावा हात माझ्या मांडीवर पडला होता. तो मात्र मी घरापर्यंत धरून बसलो. त्याच आठवड्यात मास्तर गेले.

दहाव्याला गेलो, तर काकीनं सगळ्या पाहुण्यांदेखत मला धरलं.

"आलास व्हय? दगूड हायस तू, दगूड! माणूस हुबा थरथरतोय आन् ह्यो हात मागं बांधून बघतोय. वर नकला करतोय! हात धरला आसतास तर बा तेवढा झाला आसता. पुरं नाव ल्हिऊन ग्येला आसता माझा धनी. समद्या दुनियेची नक्कल करतोस ना रं? मग आता का खाली मान घालून बसलास? काढ की त्यांचा आवाज. काढ म्हनते ना!"