सूर्य मावळायच्या आतली पंगत

आमच्या पक्षात दोन पक्ष होते. बाहेरून बघणाऱ्याला एकच झेंडा दिसायचा. आत आलं की कळायचं, एका बाजूला मवाळ आणि दुसऱ्या बाजूला जुन्या वळणाचे. मवाळ म्हणायचे, समाज बदलायचाच आहे, पण सगळ्यांना बरोबर घेऊन. जुन्या वळणाचे म्हणायचे, उसाला भाव मागा, पाटाचं पाणी मागा, पोरांना नोकऱ्या मागा. आमच्या चुलीत आणि देवघरात पक्षानं तोंड घालायचं काम नाही. मी दोघांवरही चिडायचो. जुन्या वळणाच्यांवर जरा कमी, कारण ते निदान तोंडावर बोलायचे.

माझं सगळं शिक्षण पत्रकांवर झालं. नाव साताऱ्यातल्या कॉलेजात होतं, पण दिवस जायचा छापखान्यात. अक्षरांचं शिसं मोजकं असायचं, म्हणून वाक्य आखूड. वाचणारा एस.टी.च्या रांगेत उभा असायचा, म्हणून वाक्य आणखी आखूड. ‘जागे व्हा.’ ‘जाब विचारा.’ असं लिहून लिहून माझं बोलणंसुद्धा तसंच झालं होतं. घरचे म्हणायचे, ह्याला भाकरी पाहिजे का विचारलं तरी घोषणा देतो.

पण कुंडलजवळच्या त्या शिबिराबद्दल लिहायला बसलो की आखूड वाक्यं कुठं जातात कळत नाही. सगळं धुरातून दिसतं. शिबिर एका मळ्यात होतं, शेजारी गुऱ्हाळ चालू होतं, आणि काहिलीवरचा तो गोड, जड धूर दिवसभर आमच्या भाषणांवरून फिरत राहायचा. वक्ता बोलतोय, त्याचा हात वर गेलाय, आणि मध्येच तो धुरात अर्धा नाहीसा होतोय. समोर उसाचे तुरे वाऱ्यावर एकदम वाकायचे, एकदम उठायचे, जणू तेच ठराव पास करत होते. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. खडी फोडायच्या कामावर गावांनी एका रांगेत बसून सरकारनं वाटलेली सुकडी खाल्ली होती. पाऊस पडला, ऊस उभा राहिला, आणि रांगा पुन्हा सुट्या झाल्या. हिरवा रंग इतका दाट होता की हे सगळं खरंच घडून गेलं का, असं वाटावं.

सातारा आणि सांगली मिळून आमचा एकच विभाग होता आणि त्याला नवा चिटणीस हवा होता. मवाळांनी नाव पुढं केलं ते एका निवृत्त हवालदाराचं. शिरवळकडच्या एका गावच्या बौद्धवाड्यातला माणूस. पलटणीतनं आल्यावर त्यांनी दुष्काळी कामांवर मजुरांची बाजू धरली होती. मुकादमाशी भांडताना आवाज चढत नसे त्यांचा. फक्त पाठ आणखी ताठ व्हायची. विभागात त्यांच्याइतकी गावं कुणी पायाखाली घातली नव्हती. हे विरोधकही मान्य करायचे.

विरोधकांचे म्होरके होते एक सुभेदार. तेही निवृत्त, साताऱ्याकडचेच, ऊसवाले, वाड्या-वस्त्यांवर शब्दाला वजन. गंमत अशी की हवालदार आणि सुभेदार एकाच युनिटात होते. बर्फात, एका लंगरचं जेवलेले. दोघं भेटले की आधी हिंदीत बोलायचे, पलटणीतल्या वळणाचं, हसून, पाठीवर थाप मारून. मराठीवर आले की दोघांच्या मध्ये आपोआप अंतर पडायचं.

आता आमच्या विभागाची एक रीत सांगायला हवी. पक्षाच्या घटनेत ती कुठं लिहिलेली नव्हती. शिबिराच्या शेवटच्या दिवशी नवा चिटणीस निवडला की संध्याकाळच्या पंगतीला त्यानं स्वतः वाढायचं. बादली हातात घ्यायची, पळी घ्यायची, आणि प्रत्येकाच्या पत्रावळीपुढं वाकायचं. पदावर बसणाऱ्यानं आधी वाकावं, असा त्यामागचा विचार. सगळ्यांच्या पानात आमटी पडली की तो चिटणीस. तोवर तो नुसता हात वर करून निवडलेला माणूस.

म्हणजे भांडण कशाचं होतं ते उघड होतं. हवालदार चिटणीस होणार म्हणजे हवालदार वाढणार.

दुपारी मतं घेतली. मवाळांचे हात वर गेले. आणि मग, मला अजून खरं वाटत नाही, सुभेदारांचाही हात वर गेला. त्यांच्यामागं त्यांच्या सगळ्या माणसांचे. शांतपणे, एकेक, उसाच्या तुऱ्यांसारखे. विरोधात कुणीच नाही. मी टाळ्या वाजवत सुटलो. डोक्यात पत्रक छापूनही झालं होतं: ‘भिंत पडली.’

मवाळांचे पुढारी म्हणजे सांगलीचे एक वकील. पांढरा सदरा, मऊ आवाज, कुणाला दुखवायचं नाही हा बाणा. त्यांना जाऊन मी मिठीच मारली. ते हसले, पण डोळे उन्हाकडं लावून. ऊन कलत होतं.

सांगलीकडची जैन शेतकरी मंडळी शिबिराला नेहमी असत. ती दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. म्हणून त्यांची पंगत आधी, दिवस असतानाच, आंब्यांच्या झाडांखाली. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. वाढणारेही त्यांचेच. त्यांच्या धर्माचा तो नेम, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं. बाकीच्यांची पंगत दिवस मावळल्यावर, गुऱ्हाळाच्या अंगाला. त्या पंगतीला नवा चिटणीस वाढायचा.

त्या दिवशी आंब्याखाली पत्रावळ्या मांडल्या, जैन मंडळी बसली. आणि सुभेदारांचा एक माणूस हात धुऊन सावकाश त्यांच्या शेजारी येऊन टेकला. मग दुसरा. मग चौघं-पाचजणं. पंगत लांबत लांबत विहिरीच्या थारोळ्यापर्यंत गेली. शेवटी सुभेदार आले आणि मांडी घालून ताठ बसले.

जैन मंडळींच्या टोकाला एक म्हातारे शेतकरी होते. मिशी पांढरी, जीभ तिखट. त्यांनी मान वळवून शेजारी टेकलेल्या सुभेदारांच्या माणसाकडं पाहिलं.

“काय पाटील, हिकडं कसं?”

“आमीबी हल्ली दिस मावळायच्या आत जेवतोय.”

“आरं वा. कवापासनं?”

“आजपासनं.”

“मग कांदा सोडाय लागंल.”

“सोडला.”

“लसूण?”

“सोडली की.”

“वांगं? मुळा? बटाटा? मध?”

पाटील जरा अडखळले. गुऱ्हाळाच्या अंगानं भरल्या वांग्यांचा लसणी घमघमाट येत होता. “सोडलं म्हनलं न्हवं का समदं!”

“येका दिसात येवढं पुण्य झेपंल व्हय रं तुला गड्या?” म्हातारे म्हणाले. पंगत खळखळून हसली. पाटीलही हसले. सुभेदार हसले नाहीत.

मला तेव्हा कळलं. हात वर का गेले होते ते कळलं. ठराव करा, चिटणीस करा, फक्त त्याच्या हातचं आमच्या पानात पडणार नाही एवढी सोय आहे ना, मग झालं. मी वकिलांना गाठलं.

“हे तुम्हाला माहीत होतं.”

“अरे, जरा हळू.”

“माहीत होतं का नव्हतं?”

“कुणी नाही म्हणालंय का? एकमतानं निवड झाली. असं आजवर झालं होतं का कधी? पंगती दोन आहेत, दोन्ही आपल्याच आहेत. कोण कुठं बसतो ते कशाला बघायचं?” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पुढच्या वर्षी दोन माणसं इकडं येतील. त्याच्या पुढच्या वर्षी चार.”

“आणि हवालदारांनी तोवर काय करायचं? मोजत बसायचं?”

त्यांनी हात काढला आणि कंदिलांचं बघायला निघून गेले.

हवालदार गुऱ्हाळाजवळ बादली घासत होते. राखेनं, मन लावून, जशी पलटणीत बूट घासायची सवय. सगळं त्यांनी पाहिलं होतं. ते उठले, आंब्याखाली गेले आणि सुभेदारांसमोर उभे राहिले. हिंदीत नाही, मराठीत बोलले.

“साहेब, वर बर्फात येका मगातनं चा प्यालो आपण.”

सुभेदारांनी मान वर केली नाही. “प्यालो की. न्हाई कोन म्हनतंय.”

“मग?”

“तितं गाव न्हवतं रं,” सुभेदार म्हणाले.

त्यात चीड नव्हती, हेच मला सहन होत नव्हतं. एखादा माणूस हवा-पाण्याबद्दल बोलावा तसं ते बोलले. हवालदारांनी परत जाऊन बादली पालथी घातली, पाणी निथळायला.

पण जुन्या वळणाच्यांनी हिशेब करताना एक गोष्ट धरलीच नव्हती. आंब्याखालचा स्वयंपाक मोजक्या माणसांचा होता. आता पंगत दुप्पट-तिप्पट झाली. भाकऱ्या पुरेनात. चुलीपुढच्या बायकांनी पुन्हा पीठ मळायला घेतलं. वाढणारे रिकाम्या परड्या घेऊन फिरू लागले. पाहुण्यांना आधी, म्हणून जैन मंडळींनी स्वतःची पानं कोरडी ठेवली आणि पाटलांच्या पानात आधी वाढायला सांगितलं. पाटील म्हणाले, छे, आधी तुमी. आणि ह्या मानपानात कुणाच्याच पानात मीठ-चटणीपलीकडं काही पडेना.

आणि सूर्य कुणासाठी थांबतो? तो उसाच्या मागं उतरत होता. धूर खाली आला होता. त्यात सूर्याचा गोळा मऊ, लालसर, काहिलीतल्या गुळासारखा दिसत होता. सगळी पंगत जेवायचं सोडून पश्चिमेकडं बघत बसली होती. असं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. एवढी मोठमोठी माणसं, पागोटी, टोप्या, समोर रिकामी पानं, आणि सगळ्यांच्या तोंडावर तो लाल उजेड. क्षणभर मला सगळेच सारखे सुंदर वाटले. मी डोळे चोळले.

“हाय अजून. कड दिसतीया,” पाटील म्हणाले.

“ती कड न्हाई, ढग हाय,” कुणीतरी म्हणालं.

म्हातारे जैन शेतकरी हात झटकून उठले. “आमचं आजचं झालं. आता उद्या.” त्यांच्यामागं त्यांची सगळी माणसं उठली. तक्रार नाही, पाणीसुद्धा नाही. जाता जाता म्हातारे वळले. “उठा की पाटील. व्रत घेतलंय न्हवं?”

पाटलांनी सुभेदारांकडं पाहिलं. सुभेदार तसेच बसून होते. आंब्याखालची चूल आता बंद. खायचं तर दिवस मावळल्यावरच्या पंगतीत, नाहीतर उपाशी.

तिकडं गुऱ्हाळाच्या अंगाला कंदील लागले. आमची पंगत बसली. हवालदारांनी बादली उचलली आणि वाढायला सुरुवात केली. माझ्या पानात आमटी पडली तेव्हा मी वर बघू शकलो नाही, डोळे भरले होते. वकील दोन्ही पंगतींच्या मधे उभे होते. मग ते हवालदारांजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, “हवालदार, वेळ आहे तर तुम्हीच जरा बादली घेऊन तिकडं गेलात... म्हणजे मोठेपणा तुमचा. आता ते नाही म्हणणार नाहीत. भूक लागलीय त्यांना.”

हवालदारांनी पळी बादलीत ठेवली.

“वकीलसाहेब, मला बलावलं कुनी? तुमी. हात वर कुनी केलं? त्यांनी. आता भूक लागली म्हनून त्यांच्या दारात मी जायचं? मी जाणार न्हाई. ज्याला चिटणीस पायजे त्यानं हिकडं यावं. येवढंच अंतर हाय.” आणि मग, अगदी साध्या आवाजात, “आन तुमी? तुमी कुटल्या पंगतीला जेवणार?”

“मी सगळ्यांचं झाल्यावर जेवतो. तुम्हाला माहीत आहे.”

“व्हय. दर साली बघतोय.”

वकिलांचा चेहरा कंदिलात पिवळा दिसत होता. त्यांनी आंब्याकडं पाहिलं. तिथं अंधार होत चालला होता, नुसते पांढरे सदरे दिसत होते. ते तिथं कोणाची वाट बघत होते, मला माहीत आहे, ह्यांचीच. वकील येतील आणि काहीतरी सोय काढतील. आजवर त्यांनी काढली होती.

वकील खाली बसले. माझ्या शेजारी, भुईवर, बसकर नव्हतं तरी. समोर पत्रावळ ओढली. हवालदार वाकले आणि त्यांनी वाढलं. वकिलांनी पहिला घास घेतला तेव्हा आंब्याखाली कुणीतरी मोठ्यानं खाकरलं. मग पांढरे सदरे उठू लागले. बरेचसे रस्त्याच्या बाजूला गेले, एस.टी. पकडायला. सुभेदार सगळ्यात पुढं, पाठ हवालदारांइतकीच ताठ. पण तिघं-चौघं मात्र कंदिलाकडं आले. पाटील त्यात होते. बसता बसता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “वांगं सोडनं काय आपल्याच्यानं व्हत न्हाई बा.” कुणी हसलं नाही, पण त्यांना जागा करून दिली.

वकिलांवर मी आजही पूर्ण खूश नाही. माणसाला बसायला एवढा वेळ लागू नये. पण ती बैठक त्यांना महाग पडली, हेही खरं. पुढच्या निवडणुकीला सुभेदारांच्या माणसांनी त्यांचं नाव पुढं येऊ दिलं नाही, आणि जिल्ह्यातल्या मवाळांनी, सगळ्यांना बरोबर घ्यायचं म्हणून, ते मान्य केलं.

सकाळी मळ्यावर दव होतं. मी हवालदारांना म्हणालो, आता ह्या विभागाचं काय? अर्धे गेले. नवा ठराव करायचा का, वर पक्षाला कळवायचं का?

त्यांनी सायकलीच्या चाकात हवा दाबून पाहिली.

“जेवढ्यांनी खाल्लं तेवढ्यांचा मी चिटणीस,” ते म्हणाले. “बाकीच्यांच्या गावातबी जानार हाय. बैठक घेणार, चावडीपुढं. येतील ते येतील.” मग माझ्याकडं बघून, “तू येतोस का नुसतं लिवत बसणार?”

मी मागच्या कॅरिअरवर बसलो. पहिलं गाव सुभेदारांचंच घेतलं त्यांनी. दूरचं होतं, कऱ्हाडच्याही पलीकडं, आणि सायकल एकच होती. चढाला मी उतरून ढकलत होतो.