ओलं पॉलिश

इकडे हिंदी मुलखात, आमच्या मल्हारगंजात फर्निचरच्या दुकानापुढून जाताना ओल्या पॉलिशचा वास आला की मला मी शिकवते त्या शाळेतल्या एका ख्रिस्ती बाईंचं घर आठवतं. त्यांच्या एकुलत्या मुलाला बायपासवर ट्रकनं उडवलं होतं. शवपेटी घाईत केलेली, पॉलिश अजून बोटांना लागत होतं, आणि मे महिन्याच्या उकाड्यात त्या वासापुढे निशिगंधाच्या हारांचाही वास येईना. मुलाचे डोळे आदल्या दिवशीच दान केले होते. प्रार्थना संपल्यावर पास्टर हळूच म्हणाले, "बहनजी, प्रभू वाइटातूनही भलं करतो. दोन लोकांना नजर मिळाली. उसी की योजना थी." बाईंनी पेटीवरचा हात काढला नाही. "भलं त्यानं केलं, ते मानते मी," त्या म्हणाल्या, "पण ट्रक त्यानं पाठवला, असं माझ्या घरात कुणी बोलायचं नाही." दफनाहून परतल्यावर मी गुपचूप चपला घातल्या, कारण मयताच्या घरून निघताना आपल्यात 'येते' म्हणत नाहीत. बाई फाटकापर्यंत मागे आल्या. "मॅडमजी, तोही त्या दिवशी न सांगताच गेला. तुम्ही तरी सांगून जा." मी 'येते' म्हटलं. आता अशा प्रत्येक घरातून निघताना मी ते म्हणते. लोक चमकून बघतात, आणि मला दिसतात ती बाईंची पेटीवर टेकलेली, पॉलिशनं माखलेली बोटं.